डेस्कटॉपवरील चिन्हांची मराठी नावे : साठवण आणि दर्शन

कसबा पेठेतील तांबट आळीत राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने स्वाध्यायाची चुकीची फाइल पाठवली. मजकूर त्यांनी दोनदा तपासला होता. चूक झाली ती डेस्कटॉपवर. ‘भाषाविज्ञान स्वाध्याय पहिला कच्चा खर्डा’ आणि ‘भाषाविज्ञान स्वाध्याय पहिला अंतिम’ ही नावे चिन्हाखालच्या दोन ओळींत मावली नाहीत. विंडोज प्रणाली अशा वेळी नाव मध्येच तोडून पुढे तीन टिंबे देते. दोन्ही चिन्हे त्यामुळे एकसारखी दिसली आणि दिवसभर दुकान सांभाळून रात्री जागून केलेले काम कच्च्या रूपात पोहोचले.

स्वनिम आणि त्याची प्रत्यक्ष उच्चारातील रूपे यांतील भेद आपण मागील घटकात पाहिला. येथेही तसाच भेद आहे. संगणक नाव साठवतो ते आकृती म्हणून नव्हे, तर युनिकोडमधील क्रमांकांची मालिका म्हणून. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो; साठवणीत मात्र ‘क’ आधी आणि इकार नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच येतो. (लिपीपेक्षा यंत्रच येथे ध्वनीशी अधिक प्रामाणिक आहे, असे मला गमतीने वाटते.) पडद्यावरचे रूप टंक ठरवतो. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. विंडोज ८ पासून ‘निर्मला’ हा टंक आला. टंक बदलला की अक्षरांचे वळण बदलते, नाव तेच राहते.

देवनागरीला उंची अधिक लागते. शिरोरेषेवर मात्रा, वेलांट्या, रफार व अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार. एवढे सारे रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या आकारात बसवले की मधले अक्षर बारीक होते. आधी अनुस्वार दिसेनासा होतो आणि ‘खंत’चे ‘खत’ वाचले जाते.

पुष्कळ जण कंट्रोलची कळ दाबून माउसचे चाक फिरवतात. त्याने चित्र मोठे होते, खालची अक्षरे नव्हेत. अक्षरे वाढवायची असतील तर विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ आणि त्यात ‘टेक्स्ट साइज’ येथे जावे. तेथील पट्टी १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत सरकते. अक्षरे मोठी केली की दोन ओळींत ती कमी मावतात, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

पार्श्वभूमीही तितकीच महत्त्वाची. गणेशोत्सवातील मिरवणुकीचे छायाचित्र डेस्कटॉपवर शोभून दिसते, पण त्यातील गुलालाच्या व दिव्यांच्या ठिपक्यांत पांढरे अनुस्वार हरवतात. एकरंगी गडद पार्श्वभूमी त्याहून बरी. अक्षरांमागे सावली देण्याची सोयही प्रणालीत आहे. ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’मध्ये तिची चौकट खूण करून ठेवावी.

त्या विद्यार्थ्याची अडचण मात्र यांपैकी कशानेच सुटली नसती. मराठी नामरचनेत विशेषण आधी येते, ही आपल्या भाषेची सवय त्यांच्या कामी आली असती. चिन्ह निवडून एफ-२ ही कळ दाबली की नाव बदलता येते. आता त्यांच्या डेस्कटॉपवर ‘अंतिम स्वाध्याय’ आणि ‘कच्चा स्वाध्याय’ अशी दोन चिन्हे आहेत.