पट्ट्यावरची नक्षी आणि आपलं एसओएम

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री होस्टेलवर सगळ्यात जास्त मागणी कशाला असते? बेल्टला! एकच धड बेल्ट चार रूम फिरतो. बाकीच्यांचे 'प्युअर लेदर' सहा महिन्यांतच सोलायला लागलेले असतात, कारण त्यातले बरेच चामड्याचा चुरा दाबून वर प्लास्टिकचा थर दिलेले असतात. हाताने नक्षी काढलेला अस्सल चामडी पट्टा ही वेगळीच चीज आहे. त्यातलं शास्त्र मात्र आपल्या सिलॅबसमधलंच.

नक्षी कुठल्याही चामड्यावर उठत नाही. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं दाबलं की पुन्हा उसळतं. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं ओलसर असताना दाब धरतं आणि वाळल्यावर तसंच राहतं. म्हणजे पहिलं इलॅस्टिक, दुसरं प्लास्टिक! कोल्हापुरी चपलेचं चामडंही याच जातकुळीतलं. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. पण तिचं कातडं पातळ, पाकिटाला नि अस्तराला ठीक. पट्ट्याला मोठ्या जनावराचं ३-४ मिलिमीटर जाडीचं चामडं हवं.

आता कृती. चामडं स्पंजने ओलं करून थांबायचं. मूळ रंग परत येऊ लागला, पण हाताला गार लागतंय, हीच वेळ. फार ओल्यावर ठसा पुसट होतो, कोरड्यावर उठत नाही. मग चित्राच्या रेषेवर सुरीने साधारण निम्म्या जाडीपर्यंत काप द्यायचा. कापाची बाहेरची बाजू ठसा ठेवून हातोडीने दाबत न्यायची, की पान-फूल वर उचलल्यासारखं दिसतं. लाकडाच्या कोरीवकामात भुसा पडतो, इथे चिमूटभरही चामडं निघत नाही. फक्त दबतं. ठोकताना पट्टा लांबतो, म्हणून मागून चिकटपट्टी लावतात आणि अंतिम माप नंतर घेतात.

दिवसभर वाळल्यावर फडक्याने रंग, मग तेलाचा हलका हात. खाचांत गडद रंग भरून वरचा पुसला की नक्षी उठून दिसते. कडेचे कोपरे रापीने मारून, पाणी लावून, गुळगुळीत लाकडाने घासायचे. घर्षणाने तंतू बसतात आणि कड चकाकते. शेवटी मेण. भोकं पाच किंवा सात, म्हणजे आपलं माप बरोबर मधल्या भोकावर येतं.

एवढी समज लागणाऱ्या या कामाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून हलकं ठरवलं गेलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर मान्य केलं. कोल्हापुरीला २०१८ मध्ये जीआय मिळालं, त्यात शेजारचा सोलापूर जिल्हाही आहे. आपण रागावलो ते ठीकच, पण स्टँडजवळ रापी-आरी घेऊन बसलेल्या मामांशी वीस रुपयांसाठी घासाघीस करणारेही आपणच.

पुढच्या वेळी बेल्ट घेताना कापलेली कड बघा, एकसंध तंतू दिसतात का ते. आणि दुरुस्तीला मामांकडे गेलात तर दोन मिनिटं थांबून हात कसा चालतो तेही बघा. असं प्रॅक्टिकल लॅबमध्ये मिळणार नाही!