बेरीज की वजाबाकी?

"मामा, इथं बेरीज करायची का वजाबाकी?"

परवा प्रताप नगरात बहिणीकडे गेलो असता चौथीतल्या भाच्याने हा प्रश्न टाकला. पुढ्यात उदाहरण होते : रमेशजवळ 45 गोट्या आहेत. त्या सुरेशजवळच्या गोट्यांपेक्षा 12 ने जास्त आहेत. तर सुरेशजवळ किती? पोराने 'जास्त' हा शब्द पाहिला, बेरीज केली आणि 57 लिहून मोकळा झाला. बहीण वैतागून म्हणाली, "दादा, गणित आपल्या लोकांच्या डोक्यात जातच नाही."

चुकलेल्या उत्तरापेक्षा हे वाक्य मला जास्त टोचले. आपल्या लोकांच्या म्हणजे कोणाच्या? रुपयाच्या प्रश्नावर 1923 साली लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांच्या? एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्यावर बोलावले, तेव्हा सवर्ण मुले धावली ती फळ्यामागचे जेवणाचे डबे उचलायला. विटाळ होईल म्हणून! आज तो फळा आपल्या मुलांना मोकळा आहे. मग 'जमत नाही' हा नवा विटाळ आपणच आपल्या घरात का पाळायचा?

मी भाच्याला विचारले, "40 रुपये किलोची वांगी पाऊण किलो घेतली आणि शंभराची नोट दिली, तर परत किती?" तो लगेच म्हणाला, "सत्तर!" म्हणजे डोके शाबूत आहे. अडते ते पुस्तकाच्या भाषेपाशी.

ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या 5 मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. धंदा करताना या मुलांचे सुमारे 98 टक्के हिशेब बरोबर आले. तसेच हिशेब शाब्दिक उदाहरणे करून दिले तेव्हा 74 टक्के, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा अवघे 37 टक्के! जिथे अर्थ आहे तिथे गरिबाचे पोर हुशार असते. तेव्हा शाब्दिक उदाहरणाला भ्यायचे कारण नाही. ते आपल्या जगण्याच्या जवळचे आहे. फक्त नीट वाचले पाहिजे.

यासाठी आईबापाला गणिताची पदवी लागत नाही. चार गोष्टी कराव्यात. पहिली, पेन्सिल खाली ठेवून उदाहरण दोनदा मोठ्याने वाचायला लावा. दुसरी, आकडे बाजूला सारून गोष्ट घरच्या बोलीत सांगायला लावा : कोणाजवळ जास्त, कोणाजवळ कमी? भाचा म्हणाला, "रमेशजवळ जास्त, सुरेशजवळ कमी." इथेच निम्मे गणित सुटले. तिसरी, चित्र काढा. रमेशची लांब पट्टी, तिच्याखाली सुरेशची आखूड पट्टी. मधला फरक 12. वजाबाकी करायची हे पोराला आपसूक दिसले. उत्तर 33. चौथी, उत्तर पुन्हा गोष्टीत घालून पाहा. 33 मध्ये 12 मिळवले, 45 आले, जमले! आणि 57 असते तर? सुरेशच रमेशहून श्रीमंत झाला असता.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. उत्तर पडताळणारे मूल हाच धडा गिरवत असते. शब्दाला भुलून बेरीज करणारे मूल उद्या मोठे झाल्यावर कर्जाच्या कागदावरील 'सवलत' या शब्दालाही भुलेल. अक्षरशून्य शेतकऱ्याला कुळकर्णी आणि सावकार कसे नागवतात, हे महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये दाखवले. 1882 साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब हवा, असे त्यांनीच मांडले.

प्रताप नगरापासून दीक्षाभूमी फार लांब नाही. तिथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपण गुलामीचे ओझे उतरवले. त्यातला 'आपल्याला जमत नाही' हा एक तुकडा अजून घरात पडून आहे. तोही बाहेर टाकू या. रोज संध्याकाळी टीव्ही बंद करून मुलाजवळ अर्धा तास बसा, एकच उदाहरण घ्या आणि विचारा, "बाळा, गोष्ट काय आहे ते सांग."

जयभीम!