रिकामा रकाना आणि शून्य

तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या वेल्हे गावात जुलैमध्ये पाऊस अक्षरशः कोसळतो. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे जावे तसा तो कमी होत जातो. किती कमी होतो, हे पाहण्यासाठी वेल्हे आणि भोर येथील विद्यार्थ्यांनी पर्जन्यमापक बसवून नोंदी ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा.

वेल्ह्याच्या नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये, म्हणजे तक्त्यांच्या संगणकीय कपाटात आहेत. चार दिवसांचे आकडे असे : ६२, ०, रिकामा रकाना, ४० मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला नाही. तिसऱ्या दिवशी मापक कलंडले, म्हणून मोजणीच झाली नाही.

हा तक्ता भोरला पाठवायचा आहे. त्यासाठी तो सीएसव्ही फाइलमध्ये उतरवू. ही साध्या मजकुराची फाइल असते. एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम! पायथॉन भाषेतील छोटा प्रोग्राम हे काम करतो. तो डेटाबेस उघडतो, तारखेच्या क्रमाने नोंदी मागवतो, आधी रकान्यांची नावे लिहितो आणि मग एकेक ओळ.

पण ‘भोर, जि. पुणे’ यात मुळातच स्वल्पविराम आहे. मग एका रकान्याचे दोन होणार नाहीत का? यासाठी असा मजकूर अवतरणचिन्हांत ठेवतात. पायथॉनचा सीएसव्ही विभाग हे आपोआप करतो. देवनागरीसाठी यूटीएफ-८ ही संकेतपद्धती सांगावी. तीत ‘भोर’ या शब्दाला ९ बाइट लागतात : भ, ओकाराची मात्रा आणि र यांना प्रत्येकी ३. वाचणाऱ्याने दुसरी पद्धत धरली, तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात.

खरा धोका मात्र तिसऱ्या दिवसात आहे. सीएसव्हीमध्ये रिकाम्या रकान्याच्या जागी काहीच लिहिले जात नाही. भोरच्या विद्यार्थ्याने तिथे शून्य धरले, तर सरासरी १०२ भागिले ४, म्हणजे २५.५ मिलिमीटर येईल. मोजलेले तीनच दिवस धरले, तर ती ३४ येते. प्रोग्राम बिनचूक चालला, तरी वेल्ह्याचा पाऊस कागदावर चतुर्थांशाने घटला!

म्हणून ‘मोजणी झाली का?’ असा एक रकाना वाढवावा आणि त्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहावे. फाइल पाठवण्यापूर्वी ओळींची संख्या आणि पावसाची बेरीज मूळ तक्त्याशी ताडून पाहावी.

‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. तुमच्या वर्गाच्या हजेरीपटात असा फरक कोठे सापडतो, ते शोधा पाहू!