दूषित जमिनीची तपासणी : नमुना कसा घ्यावा व कसा राखावा

शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण पेण-रोह्याच्या भातकऱ्यांस कोणीं शिकवावयास नको. परंतु ती खरी ठरते याचें कारण असें कीं, भात एकाच हंडींत, एकाच आधणांत शिजलेला असतो. जमिनीची गोष्ट तशी नाहीं. रासायनिक कारखान्यांतील गाळ, वापरलेलें तेल अथवा आम्ल एखाद्या खाचरांत वा नाल्यांत पडलें, तर तें सर्वत्र सारखें पसरत नाहीं. एके ठिकाणीं मातींत जहर असावें व चार हातांवर कांहींच नसावें, असें घडतें. तेव्हां एका नमुन्यावरून सबंध शेताचा निकाल लावणें धोक्याचें आहे. असा निकाल विश्वासास पात्र व्हावा म्हणून काय करावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हा विषय आपल्या तालुक्यांस दूरचा नाहीं. रोह्याजवळ धाटाव येथें कुंडलिकेच्या कांठीं औद्योगिक वसाहत असून तींत रासायनिक कारखाने पुष्कळ आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील ३५१ दूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तींत कुंडलिकेचेंही नांव आहे. घातक कचऱ्यासंबंधींचे नियम १९८९ पासून असून २००८ व २०१६ मध्यें ते नव्यानें करण्यांत आले. पुढें जुलै २०२५ मध्यें केंद्र सरकारनें दूषित स्थळांच्या व्यवस्थेचे स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. संशयित जागा स्वतः होऊन किंवा लोकांच्या तक्रारीवरून नोंदविणें हें त्यांत स्थानिक संस्थेचें अथवा जिल्हा प्रशासनाचें काम ठरविलें आहे. जागा दूषित आहे कीं नाहीं, किती खोल खणावयाची व खर्च कोणी सोसावयाचा, हें सारें शेवटीं आंकड्यांवर ठरणार. आंकडा चुकीचा निघाला, तर एक तर जहर शेतांतच राहील, नाहीं तर पिढ्यान् पिढ्या कसलेली चांगली माती व्यर्थ उपसली जाईल.

अमेरिकेंत लव्ह कॅनॉल येथें पुरलेल्या रासायनिक कचऱ्याजवळची वस्ती १९७८ पासून उठवावी लागली, व १९८० मध्यें अशा जागांच्या सफाईचा कायदा झाला. तेथील सरकारी पर्यावरण खात्यानें या कामास जी शिस्त लाविली, तिचें सार एवढेंच कीं, आधीं प्रश्न, मग नमुना. कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, कोणत्या हद्दींतील व किती खोलीपर्यंतची माती पाहावयाची, आंकडा किती झाल्यास काय करावयाचें, आणि चूक किती चालेल, हें कागदावर लिहून मगच फावडें हातीं घ्यावयाचें. पेरणीपूर्वीं बियाण्याचा हिशेब करावा, तसेंच हें आहे.

खताच्या शिफारशीसाठीं माती तपासतांना आपण शेतांतील आठ-दहा ठिकाणची माती एकत्र कालवून तिचा एक नमुना करितों. त्या कामास ती रीत योग्यच आहे. परंतु जहर शोधतांना तीच रीत घात करिते. समजा, दहा ठिकाणांपैकीं एका ठिकाणीं एका किलो मातींत ४०० मिलिग्रॅम शिसें आहे व उरलेल्या नऊ ठिकाणीं २० मिलिग्रॅम. सर्व माती कालविली कीं आंकडा ५८ येतो, व तें दूषित ठिकाण दृष्टीआड होतें. यास्तव शेताचे समान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा नमुना निराळा ठेवावा, व वरच्या थराची माती खालच्या थराशीं मिसळूं नये.

दुसरी गोष्ट तुलनेची. कोंकणच्या तांबड्या मातींत लोह स्वभावतःच पुष्कळ असतें. पेणच्या खारेपाटांत मीठ तर कारखाने येण्याच्या आधींपासूनच आहे. म्हणून जेथें कचरा पोंचला नाहीं अशा, पण त्याच जातीच्या जमिनीचा नमुनाही अवश्य घ्यावा. त्यावांचून निसर्गाचें किती व कारखान्याचें किती, हें कळावयाचें नाहीं.

पाण्यास तर वेळेचेंही बंधन आहे. खाडीच्या पट्ट्यांत भरतीचें पाणी व ओहोटीचें पाणी एक नव्हे. उधाणाचें व भांगाचेंही एक नव्हे. उघाडीवर नमुना घेतला तर तिथि, वेळ, भरती कीं ओहोटी, व उघाडी उघडी होती कीं बंद, हें लिहिलेंच पाहिजे. पावसाळ्यांतील पाण्यानें दोष पातळ झालेला दिसतो. म्हणून विहिरीचें पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस एकदां व पावसाळ्यानंतर एकदां तपासावें.

भांड्यांविषयींही दक्षता हवी. जस्ताचा मुलामा दिलेल्या घमेल्यांत माती घेऊन तींत जस्त किती आहे हें विचारण्यांत अर्थ नाहीं. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणाव्या. धातूंसाठीं घेतलेल्या पाण्यांत थोडें नत्राम्ल घालावें लागतें. उडून जाणाऱ्या द्रावकांसाठीं बाटली कांठोकांठ भरून, आंत हवेचा बुडबुडाही न ठेवतां, बर्फांत ठेवावी लागते. दर दहा-वीस नमुन्यांमागें एक जोडनमुना, म्हणजे त्याच जागचा दुसरा नमुना, निराळ्या क्रमांकानें पाठवावा. दोहोंचे आंकडे जुळले नाहींत, तर सर्वच आंकड्यांकडे संशयानें पाहावें. तसेंच शुद्ध पाण्याची एक बाटली बरोबर नेऊन आणावी. तिच्यांत जहर निघालें, तर तें शेतांतून नव्हे, हाताळणींतून आलें, हें सिद्ध होतें.

नमुना घेणारास कायद्याचेंही बंधन आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें अधिकाऱ्यानें कब्जेदारास नोटीस द्यावी, नमुना त्याच्या समक्ष घ्यावा, भांड्यावर खूण व मोहोर करून दोघांच्या सह्या घ्याव्या, आणि विलंब न लावितां तें प्रयोगशाळेकडे पाठवावें, असा दंडक आहे. तो पाळला नाहीं तर पृथक्करणाचा निकाल न्यायालयांत पुरावा म्हणून चालत नाहीं. म्हणजे जहर खरें असूनही केवळ कागद अपुरा म्हणून दावा बुडूं शकतो. बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हातीं, केव्हां गेली, ही साखळी सात-बाऱ्यावरील फेरफाराइतकीच अखंड राहिली पाहिजे.

प्रयोगशाळेचा अहवाल हातीं येईल तेव्हां केवळ आंकडा पाहूं नये. चाचणी कोणत्या रीतीनें केली, प्रयोगशाळेस त्या चाचणीची मान्यता आहे काय, व तिच्या यंत्रास किमान किती अंश ओळखतां येतो, हें विचारावें. 'आढळलें नाहीं' याचा अर्थ त्या किमान मर्यादेच्या वर आढळलें नाहीं, एवढाच. ती मर्यादाच जर धोक्याच्या आंकड्याहून मोठी असेल, तर त्या शेऱ्यास किंमत नाहीं.

सफाई झाली म्हणजे काम संपलें, असेंही समजूं नये. माती उपसल्यावर खड्ड्याच्या तळाचे व बाजूंचे नमुने त्याच शिस्तीनें घेऊन आंकडा ठरविलेल्या मर्यादेखालीं आला, तरच ती जागा स्वच्छ म्हणावी. नाहीं तर आणखी खणावें.

हीं कामें तज्ज्ञांचीं खरीं. परंतु जमीन आपली आहे. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवानें एक नकाशा व एक वही ठेवावी. कोणत्या दिवशीं, कोणत्या सर्व्हे नंबरांत काय टाकलेलें दिसलें, पाण्याचा रंग वा वास केव्हां बदलला, मासे कोठें मेले, कोणतें खाचर करपलें, हें त्याच दिवशीं तारीख घालून लिहावें, व दोघांनीं सही करावी. संशयित कचरा हातानें हाताळूं नये. त्याचा नमुना जाणत्यासच घेऊं द्यावा. अधिकारी येतील तेव्हां कोठें व किती खोल खणावयाचें, हें ती वहीच त्यांस दाखवील.