वड्याचे तेल वांग्यावर

महाविद्यालयाच्या आवारात मारामारी झाली, की तिची कारणमीमांसा 'तरुण रक्त' या दोन शब्दांत उरकण्याचा आपल्याकडे शिरस्ताच पडला आहे. परंतु रक्त सर्वच मुलांचे तरुण असते आणि हात उगारणारे मात्र थोडेच निघतात, एवढे ध्यानात घेतले तरी हे निदान किती तोकडे आहे ते कळून येते.

माझ्या अध्यापनकाळातील एक प्रसंग सांगतो. गुणपत्रकात चुकलेले नाव दुरुस्त करून घेण्यासाठी एक मुलगा लागोपाठ तिसऱ्या दिवशी कचेरीच्या खिडकीशी उभा होता. आतल्या कारकुनाने मान वर न करताच 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या' म्हणून अर्ज बाहेर सरकवला, मुलाने त्याच्या चार घड्या करून तो मुकाट्याने खिशात घातला, आणि जिन्यात ज्याचा ओझरता धक्का लागला त्या प्रथम वर्षाच्या पोराच्या थोबाडीत भडकावली. चौकशी समितीने धक्क्याबद्दल सविस्तर जबाब घेतले. खिडकीचा उल्लेख दप्तरात कोठेही नाही.

वैफल्यातून आक्रमकता उपजते आणि मूळ कारणापर्यंत हात पोचत नसला तर ती एखाद्या दुबळ्या लक्ष्याकडे वळते, असे प्रतिपादन येल विद्यापीठातील जॉन डोलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली केले. आपल्या आजीबाईंना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते, ही गोष्ट निराळी. मग प्रश्न उरतो तो तक्रारीला सनदशीर वाट आहे की नाही याचा. निवडणुकांतील हिंसाचाराला आळा बसावा म्हणून महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि विद्यार्थी-प्रतिनिधी गुणवत्तेवरून नेमले जाऊ लागले. हाणामारीचे एक निमित्त त्यामुळे टळले खरे, पण मुलांनी स्वतः निवडलेला, त्यांच्या वतीने जाब विचारणारा माणूसही त्याबरोबर गेला. खुल्या निवडणुकांची तरतूद परत यायला २०१६ चा कायदा यावा लागला.

तथापि सर्वच निराश माणसे मारू लागत नाहीत. मारणे हे पुष्कळदा पाहून शिकलेले असते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगात, मोठ्या माणसाला हवा भरलेली बाहुली बदडताना ज्या चिमुरड्यांनी पाहिले होते, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे तसलीच बाहुली तशीच बदडली, आणि त्या माणसाच्या तोंडचे शब्दही उचलले.

वसतिगृहातील रॅगिंगमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात: गेल्या वर्षी सोसलेला अपमान आणि तो करण्याची गेल्या वर्षी पाहिलेली रीत. महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्याविरुद्ध कायदा करून दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला, हे योग्यच झाले. पण तक्रार द्यायची ती पुढली काही वर्षे ज्यांच्यासोबत एका खानावळीत जेवायचे त्यांच्याविरुद्ध, म्हणून पुष्कळ मुले गप्पच बसतात.

जिन्यात थप्पड खाल्लेला तो पोरगाही गप्पच बसला होता. दोन वर्षांनी एका संध्याकाळी मी वसतिगृहात गेलो, तर ओसरीवर सहा नवी मुले स्वतःच्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणावर नजर खिळवून ओळीने उभी होती, आणि खुर्चीत बसून त्यांना गावाचे नाव विचारणारा तोच होता.