अंधारातून उजेडात, पण बेताने!

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मुखेडच्या प्रयोगशाळेतील मत्स्यपेटीवरची ट्यूब बंद पडली. खिडक्याही मिटलेल्या. सुट्टी संपवून पाहतो तो हायड्रिला पिवळी पडलेली आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडांची उघडझाप करीत असलेले! असे का व्हावे?

हिरव्या वनस्पती प्राणवायू सोडतात तो प्रकाशातच, हे यान इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवून दिले. श्वसन मात्र त्या अहोरात्र करतात. म्हणजे अंधारात वनस्पती साठवलेले अन्न तर खर्च करतेच, शिवाय माशांच्या वाट्याचा प्राणवायूही घेते. कुजणारी पाने त्यात भर घालतात.

तुमच्या पेटीवर अशी वेळ आली तर? आधी दिव्याचा प्लग काढा. कुजलेली पाने वेचा, पाव हिस्सा पाणी बदला. मग दिवा लावा, पण घाई नको! अंधाराला सरावलेल्या पानांना एकदम प्रखर प्रकाश सोसत नाही. त्याचा फायदा शेवाळच उठवते. म्हणून दिवा उंच टांगा. छोट्या बल्बचे अंतर दुप्पट केले की प्रकाशाची तीव्रता एक चतुर्थांश होते. पहिल्या दिवशी चार तास, मग रोज एकेक तास वाढवीत आठ तासांपर्यंत जा.

पिवळे पान पुन्हा हिरवे होण्याची वाट पाहू नका. नव्या शेंड्यांकडे पाहा. दिवा रोज तितक्याच अंतरावर ठेवून, कापलेल्या देठातून मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते वहीत टिपा. आकडा चढू लागला की समजा, वनस्पती सावरली!