संकटाच्या पिशवींतील सुरी-कात्री

घरांत एक पिशवी कायमची भरून ठेवावी आणि पूर, भूकंप किंवा वादळ ओढवलें तर ती खांद्यास अडकवून सर्वांनीं घराबाहेर पडावें, ही कल्पना आतां आमच्या वाचकांस नवी नाहीं. जपान देशांत सन १९२३ च्या १ सप्टेंबर रोजीं झालेल्या प्रलयंकर भूकंपाच्या स्मरणार्थ तो दिवस आपत्तिनिवारणाचा दिवस म्हणून पाळतात, व घरोघरच्या अशा पिशव्या उघडून पाहण्यास तेंच निमित्त होतें. आपल्या इकडेही सन २००५ च्या आपत्ति-व्यवस्थापन कायद्यानंतर हाच उपदेश वारंवार कानीं पडूं लागला आहे. पाणी, औषधें, विजेरी, शिट्टी, महत्त्वाचे कागद, हें सर्व त्यांत सांगितलेलें असतें. परंतु कापण्याचें साधन कोणतें घ्यावें हा प्रश्न निघाला म्हणजे घरांत बहुधा दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, "स्वयंपाकघरांतली एखादी जुनी सुरी टाका, झालें!" आणि तरुण मंडळी चित्रपटांतील अरण्यवीराच्या कमरेस शोभेल असा हातभर सुरा पसंत करून येतात. आम्हांस हे दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात. आमचें हें मत पुस्तकांतून आलेलें नसून छातीभर पाण्यांत उभें राहिल्यानें आलेलें आहे. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतों.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीस कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें. आमचें घर दुमजली व नदीपासून फार दूर नाहीं. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशीं चिरूं नये, कापूं नये, ही रीत आमच्या घरीं अद्याप पाळतात. त्यामुळें विळ्या, सुऱ्या, कात्र्या हें सर्व आदल्या रात्रींच खालच्या फडताळांत बंद झालें होतें. दुसरे दिवशीं तीं हत्यारें बाहेर निघावयाचीं, तों पाणीच दारांत आलें. धान्य, देव, अंथरुणें आणि मुलांचीं दप्तरें माडीवर नेण्याच्या धांदलींत फडताळ कोणाच्या ध्यानींमनींही राहिलें नाहीं.

गाय आदल्या दिवशींच उंचावर राहणाऱ्या आप्तांकडे पोंचविली होती. कालवड मात्र बुजून जागची हालेना, म्हणून ती पडवींतील खांबाला बांधलेली राहिली. रात्रीं तिचा हंबरडा ऐकून आम्हीं व आमचे धाकटे बंधु खालीं उतरलों, तों पाणी आमच्या छातीला लागलें होतें व कालवडीची केवळ मान वर होती. दाव्याची गांठ सोडूं लागलों तर ती सुटेना. तागाचा दोर भिजला म्हणजे त्याचे तंतू फुगतात व गांठ आवळते. त्यांतच त्या मुक्या जिवानें ती हिसके देऊन दगडासारखी केली होती. नातवानें जिन्यावरून कागद कापण्याचें कटर दिलें. त्याचें पातें मुळीं तुकडे मोडून वापरण्यासाठींच केलेलें. तें दोरावर दोनदां ओढतांच मोडलें आणि पाण्यांत गेलें. आम्ही आपल्या जुन्या सवयीप्रमाणें गांठ कां सुटत नाहीं याचें कारण बंधूंस सांगूं लागलों. तोंच जिन्याच्या वरच्या पायरीवरून सत्याऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाई कडाडल्या, "अरे, शास्त्र मागाहून सांग! आधीं हा अडकित्ता घे!" त्यांच्या कमरेची चंची त्यांनीं कोणत्याही गडबडींत सोडली नव्हती. त्या अडकित्त्यानें दोराचा एकेक पदर तोडीत आम्हीं कालवड मोकळी केली आणि ओढीत जिन्यावर चढविली. ती वांचली, पण आणखी वीतभर पाणी चढतें तर वांचली नसती.

घरांत डझनभर धारेचीं हत्यारें असून त्या घटकेस उपयोगी पडला तो सुपारीचा अडकित्ता. कारण तो हाताशीं होता, त्याला धार होती आणि तो ज्यांच्या हातांतला होता त्यांस तो पूर्ण ठाऊक होता. संकटाच्या पिशवींतील हत्याराची हीच कसोटी आहे. तें किती भयंकर दिसतें हें पाहूं नये. आपल्या घरावर संकट आलें असतां काय काय कापावें लागेल, आणि घरांतील सर्वांत अशक्त माणसास तें कापतां येईल काय, हें पहावें. स्वित्झर्लंडच्या सैन्यानें सन १८९१ मध्यें शिपायांसाठीं जो घडीचा चाकू घेतला, त्यांत एक पातें, डबा उघडण्याचें साधन, पेचकस आणि भोंक पाडण्याची आरी एवढेंच होतें. शिपायास डबे उघडावयाचे व बंदूक खोलावयाची, म्हणून तीं साधनें. शत्रूस भोसकण्याचा विचार त्यांत नव्हता. कामांची यादी आधीं व हत्यार मागाहून, हा क्रम गृहस्थानेंही पाळावा.

आपल्या घराची यादी करूं लागल्यास ती अशी होते: ओला दोर, जखमी माणसाच्या अंगावरील कपडा, मलमपट्टी, औषधांचीं व खाद्यपदार्थांचीं पाकिटें, चादरीच्या पट्ट्या, फळें, आणि वाटेंत आडवी आलेली फांदी. या यादीस तीन साधनें पुरतात.

पहिली कात्री. सुरीच्या आधीं आम्ही तिला मान देतों याचें पुष्कळांस नवल वाटेल. परंतु वृद्धांच्या कांपऱ्या हातांत, अंधारांत, हलत्या होडींत कात्री जितकी निर्धोक तितकी सुरी नव्हे. रुग्णवाहिकेंतील लोक वापरतात ती वांकड्या पात्यांची कात्री औषधोपचाराचें सामान विकणाऱ्या दुकानांत मिळते. तिच्या खालच्या पात्याचें टोंक बोथट व चपटें असल्यामुळें तें कपड्याखालून सरकतें आणि कातडीस लागत नाहीं. जाड कापड व पट्टे ती सहज कापते.

दुसरी सुरी. पातें तीन ते चार इंचांचें पुरे. घडीची असेल तर उघडल्यावर पातें पक्कें अडकणारी असावी. नाहीं तर जोर करतांना तें मिटून बोटांवर येतें. घडीची नको असेल तर अशी घ्यावी कीं, जिच्या पात्याचें पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलें आहे, आणि तिला घट्ट बसणारें म्यान असावें. मूठ ओल्या हातांतून न निसटणारी व रंगानें भडक असावी. काळी मूठ चिखलांत पडली तर सांपडत नाहीं. दोरासाठीं पात्याचा थोडा भाग दांतेरी असल्यास उत्तम. पण दांतेरी भागास घरीं धार लावणें कठीण, म्हणून सबंध पातें तसें नसावें.

तिसरी घडीची लहान करवत. सन २०२० च्या ३ जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां नारळी-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या व झाडें पडून रस्ते अडले. मनगटाएवढी फांदी कापण्यास सहा-सात इंचांची माळीकामाची करवत कुऱ्हाडीहून बरी. कुऱ्हाड किंवा कोयता जड असून, दमलेल्या माणसाच्या हातून निसटला तर पाय तोडतो. ते घरांत अवश्य असावेत, पिशवींत नकोत. करवतीविषयीं एक सूचना मात्र ध्यानांत धरावी. दबून वांकलेली फांदी ज्या बाजूनें आंत दाबली गेली असेल तेथें कापूं लागलें तर करवत अडकते, आणि ताणलेल्या बाजूनें एकदम कापली तर ती उसळून तोंडावर बसते. अशी फांदी थोडी थोडी, बाजूस उभें राहून कापावी.

याशिवाय कागदांत बंद असलेलीं दोन-चार नवीं पातीं ठेवावींत. पुरानें वेढलेल्या घरांत प्रसूतीचा प्रसंग येणें अशक्य नाहीं. मळक्या हत्यारानें नाळ कापल्यास नवजात बालकास धनुर्वात होतो; म्हणून प्रसूतीच्या स्वच्छ साधनांच्या पुडक्यांत नवें पातें घालण्याची पद्धत आहे.

आतां धातूविषयीं. साध्या कर्बयुक्त पोलादास धार लवकर चढते, पण दमट हवेंत बंद पिशवींत पडून राहिल्यास तें गंजतें. ज्या पोलादांत क्रोमियमचा अंश शेंकडा साडेदहा किंवा त्याहून अधिक असतो त्यावर अत्यंत पातळ असा थर आपोआप बसतो व गंजास अटकाव होतो. त्यासच आपण स्टेनलेस म्हणतों. वर्षांतून एकदां उघडल्या जाणाऱ्या पिशवीस तेंच योग्य.

परंतु उत्तम धातू असूनही धार नसेल तर सर्व व्यर्थ. सुश्रुताचार्यांनीं शस्त्रें २० आणि यंत्रें १०१ सांगून हात हेंच सर्वांत प्रधान यंत्र म्हटलें आहे. कामाप्रमाणें धार किती बारीक असावी हेंही त्यांनीं ठरवून दिलें: भेदनाच्या शस्त्राची मसुरेएवढी, लेखनाच्या शस्त्राची तिच्या निम्म्यानें, वेधनाच्या शस्त्राची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. धार लावण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा व ती टिकविण्यास सांवरीची फळी त्यांनीं सांगितली, आणि अंगावरील लव कापली जाईल तेव्हांच शस्त्र वापरावें असा दंडक घातला. आपणांस शस्त्रवैद्य व्हावयाचें नाहीं. तरी निसण्यावर प्रत्येक बाजूनें सुमारें वीस अंशांचा कोन धरून सुरी फिरविण्यास प्रत्येक मोठ्या मुलानें व मुलीनें शिकावें. बोथट सुरीस जोर अधिक द्यावा लागतो, आणि अधिक जोराची सुरी निसटते ती हातावरच.

कायद्याचाही विचार करावा. सन १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं तीक्ष्ण हत्यारें शस्त्रांत गणलीं असून, सरकारनें जाहीर केलेल्या क्षेत्रांत त्यांस परवाना लागतो. घरगुती व शेतीच्या कामासाठीं बनविलेलीं हत्यारें मात्र त्यांतून वगळलेलीं आहेत. आमची चार इंची सुरी या भानगडींत पडत नाहीं. विमानानें जातांना मात्र ती हातांतील सामानांत नेऊं नये.

हत्यार जवळ असलें म्हणजे माणसास तें चालविण्याची बुद्धि होते. म्हणून दोन निषेध. पुरांत साप घरांत शिरतात. सर्पदंशाच्या जागीं सुरीनें चीर देण्याची चाल अजून कोठें कोठें आहे. तिनें विष निघत नाहीं, उलट रक्तस्राव होतो व जखम चिघळते. दंश झालेला अवयव न हालवितां रोग्यास रुग्णालयांत पोंचवावें. प्रतिविषाची लस हाच उपाय. आणि तुटून पडलेली विजेची तार, ती निर्जीव दिसली तरी, कोणत्याही हत्यारानें कापूं नये वा बाजूस सारूं नये.

शेवटीं व्यवस्थेचें. एकत्र कुटुंबांत सर्वांची म्हणून ठेवलेली वस्तु कोणाचीच नसते. कात्री नसली कीं पिशवींतली काढावी, आणि ती परत जाऊं नये, हा नित्याचा अनुभव. म्हणून पिशवी एका माणसाच्या स्वाधीन असावी, माडीवर लहान मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा खुंटीस असावी, आणि सुरी-कात्री बाहेरच्या कप्प्यांत, अंधारांत चांचपून सांपडेल अशी असावी. वर्षांतून दोनदां ती उघडावी: एकदां पावसापूर्वीं अक्षय्यतृतीयेस, आणि दुसऱ्यांदा खंडेनवमीस. त्या दिवशीं आपण हत्यारांस गंध-फूल वाहतोंच. त्यांच्या धारेवर बोट न लावतां एक कागद कापून पाहिला तर पूजा अधिक सार्थ होईल.

आमच्या घरीं आतां अशी पिशवी आहे. तिच्यांत कात्री, सुरी, करवत आणि पातीं यांच्या जोडीस एक अडकित्ताही आहे. आत्याबाई सन २०२२ मध्यें निवर्तल्या. जातांना तो त्यांनीं सुनांस न देतां पिशवींत टाकावयास सांगितला. कालवडीची आतां गाय झाली आहे आणि तिच्या दाव्याला आम्ही सुरगांठ मारतों. एक टोंक ओढलें कीं ती सुटते. कापण्याची पाळीच येऊं न देणें हें सर्व हत्यारांहून बरें. परंतु ती आलीच तर हात रिकामा असूं नये.